काखेखालचा खिसा

"बघा ना, एकही खिसा नाही. किती शांत दिसतात या बायका!"

हे माझ्याशी बोललेलं नव्हतं. आमच्या कंपनीचा मालक काचेपाशी उभा राहून मुंबईहून आलेल्या दोन पाहुण्यांना खालचं गोदाम दाखवत होता. मी त्यांच्या पाठीमागे जमिनीवर बसून पाण्याच्या बाटल्यांवरची लेबलं सोलत होते. पाहुणे येणार असले की हे काम माझ्याकडे यायचं. टेबलावरच्या बाटलीला निळं-लाल लेबल दिसलं की मालकाला त्रास व्हायचा. "ते ओरडतं," असं तो म्हणायचा. मला त्या कंपनीत ग्राफिक डिझायनर म्हणून घेतलं होतं, म्हणजे खरं तर लेबलं तयार करायला. पहिल्या आठवड्यात मी एकही लेबल तयार केलं नाही. साठेक सोलली मात्र.

काचेखाली चाळीसेक बायका राखाडी शर्ट आणि राखाडी पँट घालून लांब टेबलांवर ऑर्डरी भरत होत्या. वरून त्यांचे फक्त भांग दिसायचे. तिसऱ्या टेबलाच्या कडेला, केस विरळ झालेली आणि घट्ट बुचडा बांधलेली जी होती, ती माझी आत्या. वडिलांची सख्खी बहीण. वर कुणालाही हे माहीत नव्हतं.

"हा युनिफॉर्म तुम्हीच डिझाइन केलात?" एका पाहुण्याने विचारलं.

मालक हसला. नम्रपणे हसायची त्याची एक पद्धत होती. त्यात होकार असायचा, पण पुढे कुणी जाब विचारला तर दाखवायला शब्द सापडायचे नाहीत.

तो युनिफॉर्म कुणीच डिझाइन केला नव्हता. मी लागण्याआधी कधीतरी गोदामातून मोज्यांचे काही जोड गायब झाले होते. सुरक्षेचं काम ज्या एजन्सीकडे होतं, तिच्या सुपरवायझरने पॅकिंगच्या बायकांच्या शर्ट-पँटचे खिसे मशीन मारून बंद करायला लावले. पुढचा लॉट शिवायला टाकला तेव्हा खिसे लावलेच नाहीत. बाहेर पडताना झडती होतीच, ती चालूच राहिली. मोजे नंतर सापडले. एका खोक्यात चुकीच्या साइजखाली भरले गेले होते. पण खिसे परत आले नाहीत. हे सगळं मला आत्याने सांगितलं होतं. वरच्या माणसांना ते आठवतही नसावं. आठवण्यासारखं त्यांचं काही गेलं नव्हतं.

आम्ही जे कपडे विकायचो त्यांची जाहिरात 'कमीत कमी कपडे, जास्तीत जास्त जगणं' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळींनी व्हायची. त्या ओळी मीच लिहायची. छाप नाही, नक्षी नाही, कॉलर असली तर बटण नाही, बटण असलं तर ते झाकलेलं. रंग सहा. सहाही रंगांची नावं मी दिली होती, आणि एखाद्या सकाळी टेबलावर सहा शर्ट नावाशिवाय पडलेले असले तर मलाही ते ओळखता यायचे नाहीत. एकदा धाडस करून आत्याला रंगांचा तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून एकेका चौकटीवर बोट ठेवलं.

"ह्यो मळका. ह्यो बी मळका. ह्यो धुतलेला मळका. आन ह्यो?"

"त्याला आम्ही ओट म्हणतो."

"म्हंजे?"

"एक धान्य असतं."

"मळकं धान्य," आत्या म्हणाली आणि चष्मा काढला.

मालकाकडे स्वतःचे एकसारखे अकरा टी-शर्ट होते. हे तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. निर्णय कमी करावे लागतात, डोकं मोकळं राहतं, असं त्याचं म्हणणं. मोकळ्या डोक्याने त्याने ऑफिसातल्या खुर्च्यांच्या पाठी काढून टाकल्या होत्या. गोदामातल्या संडासांच्या पाट्या त्याने माझ्याकडून करून घेतल्या. एका दारावर उभी रेघ, दुसऱ्या दारावर आडवी रेघ. अक्षर नाही, चित्र नाही. पाहुण्यांनी त्यांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी आडव्या रेघेखाली कुणीतरी मार्करने ठळक लिहिलं होतं: 'बायका'. ते पुसायला मला खाली पाठवलं. मी ओला कपडा घेऊन गेले, दोन मिनिटं उभी राहिले आणि न पुसता परत आले. "डाग जात नाही" असं वर सांगितलं. त्या कंपनीत मी केलेलं पहिलं बंड ते एवढंच.

आत्याची आणि माझी ओळख का लपवली, ते आता सांगायला हवं. मी लाजाळू आहे, एवढं पुरेसं कारण नाही ते.

आत्या माझ्या आधीपासून तिथे कामाला होती. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर येणारी, इंग्रजी बोलणारी मुलगी हवीय, ही बातमी तिनेच घरी आणली. आमचं घर दिघाशीला. मी भिवंडीच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने गेलेली, घरात त्या भाषेत बोलायला दुसरं कुणी नाही. मुलाखतीच्या दिवशी मी काचेच्या खोलीबाहेर बसले होते. तेवढ्यात आत्या माल घेऊन वर आली. मी हसणार, तोवर ती माझ्यातून आरपार बघत ट्रॉली ढकलत पुढे गेली. संध्याकाळी घरी म्हणाली, "वर कळलं ना तू पॅकिंगवालीची भाची हायेस, तर तुला बी आमच्यातच मोजतील. तू गप ऱ्हा."

मला हायसं वाटलं. तिच्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून मी ते मान्य केलं. आत मात्र नुसतं हायसं वाटलं होतं.

मग आम्ही एकाच घरातून निघून एकाच ठिकाणी वेगवेगळ्या जायला लागलो. ती एजन्सीच्या बसने, मी दोन रिक्षा बदलून. आई सकाळी एकाच तव्यावर भाकऱ्या भाजायची आणि दोन डबे भरायची, तांदळाची भाकरी आणि भेंडी. एक डबा खाली जायचा, एक वर. एकदा मालकाने माझ्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, "किती ऑनेस्ट आहे हे." त्याच वेळी खाली तीच ऑनेस्ट भाकरी सतरा मिनिटांत संपवायची होती, कारण जेवणाच्या अर्ध्या तासातली उरलेली तेरा मिनिटं झडतीच्या रांगेत जायची.

वर मी फक्त इंग्रजीत बोलायचे. मालकाला मी नावाने हाक मारावी असा त्याचा आग्रह होता. सगळेच मारायचे. मला ते जमेना, आणि 'सर' म्हटलं की तो दुखावायचा. म्हणून मी त्याला हाकच मारत नसे. समोर जाऊन उभी राहायची, त्याचं लक्ष जाईपर्यंत.

आत्याला दमा आहे. शेतात होती तोवर तो दबून असायचा. गोदामात पुठ्ठ्याची धूळ नाकात गेली की वर येतो. पंप सतत जवळ लागतो. नियम असा होता की आत काही न्यायचं नाही. औषध असेल तर तेही गेटबाहेरच्या लॉकरमध्ये. आत्याने डॉक्टरांची चिठ्ठी दिली. एजन्सीने ती घेतली, फाइलला लावली आणि आत प्रथमोपचाराची खोली आहे असं कळवलं. त्या खोलीला कुलूप असायचं. किल्ली सुपरवायझरकडे.

दिवाळीच्या सेलच्या आधी, दिवसाला दुप्पट ऑर्डरी भरत होत्या तेव्हा एका दुपारी आत्याचा श्वास अडकला. मी वरून बघत होते. ती टेबल सोडून चालू लागली, टेबलांच्या चार ओळी ओलांडून गेटकडे. गेटवर थांबली. झडती घेणाऱ्या गार्डबाईने आधी तिचे हात वर करायला लावले. कंबर, पाठ, पाय. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त आत्याचे वर केलेले हात आणि वरखाली होणारे खांदे दिसत होते. मग ती लॉकरकडे गेली. माझ्या स्क्रीनवर एक ओळ अर्धी लिहून पडली होती. मी ती पूर्ण केली. खाली गेले नाही.

त्या रविवारी दुपारी मी आईचं शिलाई मशीन ओट्यावर घेतलं.

पहिला खिसा मी पँटच्या कमरपट्ट्यात केला. आत्या म्हणाली, "तिथं तर गार्डबाईचा हात पयला जातो." तो उसवला. दुसरा पाठीला, मानेखाली. ती खोक्यासाठी वाकली आणि ओरडली, पंप मणक्यात घुसला. तोही उसवला. मग मी तिला हात वर करून उभं राहायला सांगितलं आणि गार्डबाईसारखी झडती घेऊन बघितली. माझेच हात कुठे जातात आणि कुठे जात नाहीत, ते पाहिलं. काखेपाशी ते आपोआप वळून खाली आले.

"हितं कोन हात लावनार," आत्या म्हणाली. "दिवसभराचा घाम. गार्डबाई बी मानूसच हाय."

डाव्या काखेच्या गोलाईची शिवण आणि बाजूची उभी शिवण जिथे भेटतात, त्या कोपऱ्यात मी तिसरा खिसा बसवला. शिवणीच्या आत जी जादा कापडाची माया सोडलेली असते, फक्त तिच्यावर टाके घातले, म्हणजे बाहेरून एकही दोरा दिसणार नाही. तोंड तिरकं, पुढच्या बाजूला, म्हणजे ती वाकली तरी पंप बाहेर सरकू नये, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मधून उजवा हात घातला की तो थेट हातात यावा. चार वेळा उसवून पाचव्यांदा ते जमलं. कापड म्हणून आत्याने ट्रंकेतला एक ब्लाउज पीस दिला, जांभळा, त्यावर सोनेरी टिकल्या. प्रत्येक घरात अशा ब्लाउज पीसांचा ढीग असतो. कुठल्यातरी ओटीत आलेले, कुणी न शिवलेले, पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाला देण्यासाठी घडी मोडायची नाही असे.

"येवढा भारी?" मी म्हटलं.

"आत कोन बघतोय? आन मळका नको, तुझ्या हापिसातला."

शर्ट घालून तिने हात वर केले, वाकली, अंगण झाडल्यासारखं केलं. मग बटणांतून हात घालून झटकन पंप काढला आणि माझ्यावर रोखला.

"पिच्चरमधला पोलीस हितंच ठेवतो ना गो बंदूक?"

तिने तीनही शर्टांना तसाच खिसा करून घेतला. मी कॉलेजात दोन वर्षं वस्तूंचं डिझाइन शिकले. कप, दिवे, पिशव्या यांची चकचकीत चित्रं काढली, त्यांना मार्क मिळाले. कुणाच्या उपयोगाला आली अशी माझी पहिली वस्तू तो खिसा होता, आणि त्याचा फोटो मी कुणाला दाखवू शकत नव्हते.

आता पुन्हा त्या पाहुण्यांकडे येते. ते गेल्यानंतर आठवड्याभराने मालकाने आम्हा सगळ्यांना पाठ नसलेल्या खुर्च्यांवर बसवलं आणि जाहीर केलं की पुढचं कलेक्शन बिनखिशाचं असेल. शर्ट, पँट, जाकीट, झगा, सगळं. प्रेरणा: गोदामातल्या स्त्रियांचा साधेपणा. 'रिकामे हात, मोकळा माणूस' अशा काहीतरी ओळी त्याच्या डोक्यात होत्या, त्या मी नीट करायच्या होत्या. आणि शर्टाचं डिझाइनही मीच करायचं होतं.

"तुला प्रॉडक्टमध्ये यायचंय ना? हा तुझा शर्ट."

मला माहीत होतं की तो शर्ट कुठून आलाय. तिथेच बोलायला हवं होतं. मी वहीत 'माझा शर्ट' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढचे दोन महिने मी खरोखर मन लावून काम केलं. खांद्याचा उतार किती, बाही किती सैल, झाकलेल्या बटणाची पट्टी किती रुंद. मालक येऊन म्हणायचा, "अजून काढ." मी काढायची. एक दिवस त्याने खांद्याची शिवणच काढायला सांगितली. मी म्हटलं, मग बाही कशाला जोडू? तो विचारात पडला.

घरी आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे आमाला खिसे न्हाय ठेवले ते आता लोकं हौसेनं घालनार?"

"हो."

"आन घरची चावी कुठं ठेवनार?"

"त्यांच्याकडे पिशव्या असतात. गाड्या असतात."

"मंग कशाला म्हनतात रिकामे हात?" तिने सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. "जल्ला मेला तुझा मालक. आमची शिक्षा घडी घालून इकतो."

नमुन्याचे शर्ट निवडक गिऱ्हाइकांना पाठवले. आठवड्याभरात उत्तरं आली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: फोन कुठे ठेवायचा? मालक दुखावला. त्याने लोकांना मोकळं केलं होतं आणि लोक त्याला फोनबद्दल विचारत होते. मग त्याला वाटलं, गडबड कापडात आहे. नवं कापड ताठ दिसतं. खाली बायकांच्या अंगावर वर्षभर धुतलेलं, विटलेलं जे कापड आहे, तसा पोत आला तर फोनबिन कुणी विचारणार नाही. त्याने सगळे जुने युनिफॉर्म गोळा करायला सांगितले. बदल्यात नवे.

मला वाटलं होतं एक दिवस आधी कळेल आणि आत्या रात्रीतून खिसे उसवेल. पण सोमवारी शिफ्ट सुरू होतानाच सुपरवायझरने गेटवर नव्या युनिफॉर्मचे गठ्ठे लावले आणि बायकांना तिथल्या तिथे बदलायला पाठवलं. उतरवलेला प्रत्येक शर्ट नावाची चिठ्ठी लावून पोत्यात गेला. आत्याने पंप मुठीत धरला होता. गार्डबाईने मूठ उघडायला लावली, मग शर्ट उलटा केला.

मला हे कळलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऑफिसचं दार उघडलं आणि सुपरवायझर आत आला. त्याच्या मागे गार्डबाई, आणि तिच्यामागे अनवाणी आत्या. वर चपला घालून यायची परवानगी नसायची. ती दाराशीच थांबली, लाकडी जमिनीवर पाय ठेवावा की नाही अशी. माझ्याकडे बघितलं नाही.

सुपरवायझरने शर्ट टेबलावर टाकला, आतली बाजू वर. "साहेब, ये देखो. अंदर से पॉकेट. चोरीचा माल काढायला केलंय. इसको आजच बंद करतो, गेटपास काढून घेतलाय. तुम्हाला फक्त सांगायला आलो."

"चोरी न्हाय केली," आत्या म्हणाली. तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. "पंप हाय माझा. चिठ्ठी दिलीय डॉक्टरची."

"चिठ्ठी दिली तो लॉकर में रखने का. खिसा कायको?"

मालकाने शर्ट उचलला होता. बोट खिशाच्या कडेवरून फिरवत होता, तोंड किती तिरकं आहे ते बघत होता. मग शर्ट सुलटा केला, बाहेरून टाके शोधले, सापडले नाहीत, पुन्हा उलटा केला. मी त्याला इतका आनंदी कधी पाहिला नव्हता.

"बाहेरून काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "आणि आत हा जांभळा. केवढं धाडस आहे!" मग आत्याकडे वळून, "मावशी, हे तुम्ही केलं?"

"मीच केला," आत्या म्हणाली. लगेच. श्वास घ्यायलाही थांबली नाही.

"पण इथेच का? काखेखाली? कसं सुचलं?"

आत्याला वाटलं, ही चौकशी आहे. तिने खालमानेने खरं ते सांगून टाकलं. "हितं घाम येतो. म्हनून झडतीवाली हात न्हाय लावत."

"वा," मालक म्हणाला. आणि ऑफिसातल्या बाकीच्यांकडे बघून पुन्हा, हळू, "वा. शरीर जिथे नको म्हणतं तिथे खिसा." कुणीतरी ते लिहूनही घेतलं. आमच्यात असं काही बोललं गेलं की लिहून घ्यायची पद्धत होती.

सुपरवायझर घुटमळला. "तो फिर साहेब, इसका काय करायचं? घरी पाठवू ना? नियम हाय."

"हो, हो, ते तुमचं तुम्ही बघा," मालक म्हणाला. "एजन्सीच्या नियमांत मी पडत नाही. शर्ट मात्र इथे राहू दे." मग त्याने तो माझ्यापुढे सरकवला. "हेच हवं होतं आपल्याला. फोनचा प्रश्न सुटला. माप घे, चित्र काढ, दुपारपर्यंत टेलरकडे जाऊ दे. आतलं कापड आपण ओट करू, जांभळा जरा जास्त होतो. आणि एक ओळ दे मला, छोटी, फक्त आतून माहीत असणारा खिसा वगैरे."

गार्डबाईने आत्याच्या दंडाला हात लावला, चला म्हणून. आत्या वळली. वळताना तिला एक उबळ आली, कोरडी, लांब. पंप कुठे होता? सुपरवायझरच्या हातात, पुराव्यासारखा, दोन बोटांत धरलेला.

माझ्या गळ्यात मोजायची टेप होती. समोर वही उघडी होती. मला त्या खिशाचं माप घ्यायची गरज नव्हती. लांबी, तोंडाचा तिरकेपणा, टाक्यांमधलं अंतर, सगळं हाताला पाठ होतं. काही महिन्यांपूर्वी रेघ मारून लिहिलेलं 'माझा शर्ट' वहीच्या आधीच्या कुठल्यातरी पानावर असेल. तो शर्ट माझा नव्हता. हा खिसा माझा होता. आणि जिच्यासाठी केला, ती माझं नाव न घेता त्याच्यापायी चोर ठरून जिना उतरायला निघाली होती. आता गप्प राहिले असते तर दुपारपर्यंत चित्र तयार झालं असतं. सुबक झालं असतं. मी सुबक काम करते.

मी उठले तेव्हा ती बिनपाठीची खुर्ची मागे पडली, आणि सगळे आवाजाकडे बघायला लागले. त्या खोलीत मी तोवर जे थोडंफार बोलले होते ते इंग्रजीत. नोकरीच्या दोन वर्षांत मराठी एकदाही नाही. मी सुपरवायझरजवळ गेले, त्याच्या बोटांतून पंप काढून घेतला, तो आत्याच्या हातात दिला आणि तिने तोंडाला लावून श्वास ओढेपर्यंत थांबले. मग मालकाकडे वळले आणि मराठीत म्हणाले,

"खिसा मी शिवलाय. ती माझी आत्या आहे, सख्खी. चोरी तिने केली नाही, मीही केली नाही. तिला श्वास घ्यायला तुम्ही जागा ठेवली नव्हती, ती मी केली. आधी तिचा गेटपास परत द्या. तो शर्ट तिचा आहे, तोही द्या. त्याचं चित्र मी काढणार नाही."